पदवीच्या यादीत नसलेल्या मुली

२१ मे १८९७. केंब्रिजच्या सिनेट हाउसबाहेर विद्यार्थ्यांची तोबा गर्दी उसळली होती. मतदानासाठी जुन्या एम. ए. मंडळींना आणायला लंडनहून खास गाड्या सोडल्या होत्या. प्रश्न तसा लहानच होता. पुरुषांच्याच परीक्षा देऊन उत्तीर्ण होणाऱ्या मुलींना पदवीचे निदान नाव तरी लावू द्यायचे का? विद्यापीठाचे सभासदत्व त्यांना द्यावे असे कोणी म्हणतही नव्हते. समोरच्या पुस्तकाच्या दुकानावर सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगलेला होता. निकाल लागला: विरोधात सुमारे १७००, बाजूने सुमारे ६६०. मग अंडी, पीठ, फटाके. पुतळा खाली ओढून फाडला गेला आणि त्याच्या चिंध्या न्यूनॅम या मुलींच्या कॉलेजच्या फाटकातून आत कोंबल्या गेल्या.

त्या दिवसाचे छायाचित्र केंब्रिजच्या स्त्रियांविषयीच्या अनेक पुस्तकांत छापलेले आहे. खाली टोप्यांचा समुद्र, आणि नजरेत भरणारी बाई एकच, तीही कापडाची. जिच्याविषयी मतदान चालले होते ती मुलगी त्या दिवशी काय करत होती, काय बोलत होती, हे त्या चित्रातून कळत नाही. ते शोधायचे तर विद्यार्थ्यांनी स्वतः छापलेल्या अंकांकडेच वळावे लागते.

याला कारण आहे. एमिली डेव्हिस यांनी १८६९ मध्ये केंब्रिजपासून दूर, हिचिन गावात पाच मुलींना घेऊन कॉलेज सुरू केले. तेच पुढे १८७३ मध्ये गर्टन गावी आले आणि गर्टन कॉलेज झाले. १८७१ मध्ये हेन्री सिज्विक यांनी शहरातच एक घर भाड्याने घेतले आणि ॲन क्लफ यांच्या देखरेखीखाली तिथेही पाच मुली राहू लागल्या. न्यूनॅमची सुरुवात ती. १८८१ पासून मुलींना ट्रायपॉस या पदवीच्या परीक्षेला रीतसर बसता येऊ लागले. मात्र त्या विद्यापीठाच्या पूर्ण सभासद झाल्या १९४८ मध्ये. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षे मुली वर्गात होत्या, प्रयोगशाळेत होत्या, परीक्षेच्या दालनात होत्या, फक्त विद्यापीठात नव्हत्या! निकालाच्या यादीत त्यांची नावे वेगळी छापली जात आणि प्रत्येकीपुढे ती पुरुषांच्या कोणत्या क्रमांकाच्या बरोबरीची ते लिहिलेले असे. विद्यापीठाच्या अधिकृत दप्तरात त्यांचा माग इथवरच लागतो.

‘गर्टन रिव्ह्यू’ हे कॉलेजचे नियतकालिक १८८२ मध्ये निघाले. वादसभा, खेळ, मंडळांचे वृत्तांत, शिकून गेलेल्या मुलींच्या बातम्या असा त्याचा मजकूर. पहिल्यांदा चाळणाऱ्याला तो रुक्ष वाटण्याची शक्यता आहे. पण इतिहास या रुक्ष वृत्तांतांतच दडलेला आहे. गर्टनच्या मुलींचे स्वतःचे अग्निशमन दल होते, हे किती जणांना ठाऊक असेल? जवळच्या शेतातली गवताची गंजी पेटली, तेव्हा गावाबाहेरच्या आपल्या इमारतीला आग लागली तर बंब येईपर्यंत काय करायचे, हा प्रश्न मुलींना पडला. त्यांनी लंडनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख कॅप्टन शॉ यांची मदत मागितली, कवायत शिकून घेतली आणि पायघोळ घागऱ्यांच्या त्या काळात पाण्याच्या बादल्यांची साखळी धरायला सुरुवात केली. हे दल १९३० च्या दशकापर्यंत टिकले. उच्च शिक्षणाने मुलींची प्रकृती ढासळते असे नामांकित डॉक्टर लिहीत होते, तो हा काळ. त्या वादात अशा एका कवायतीच्या वृत्तांताला फार मोठे वजन आहे, कारण तो वाद घालण्यासाठी लिहिलेलाच नव्हता.

मुलींचे आपापसांतले रिवाजही अशाच कागदांतून आणि पुढे लिहिलेल्या आठवणींतून उलगडतात. सगळ्या एकमेकींना ‘मिस अमुक’ म्हणत. थोरलीने धाकटीपुढे रीतसर प्रस्ताव मांडायचा, मगच पहिल्या नावाने हाक मारायची. अहो-जाहोवरून अगं-तुगंवर येण्यासाठी चक्क विधी! रात्री खोलीत कोको करून प्यायच्या बैठका होत. न्यूनॅममध्ये मुलींची अभिरूप संसद भरे, तिथे सरकार पडे, नवे येई. देशाच्या खऱ्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क इंग्लंडमधल्या स्त्रियांना १९१८ मध्ये मिळाला, तोही तिशी उलटलेल्यांना आणि अटी घालून. या मुलींनी सभागृहाचे कामकाज त्याच्या कितीतरी आधी शिकून घेतले होते.

शेजारी पुरुषांची नियतकालिके ठेवली की चित्र भरते. ‘केंब्रिज रिव्ह्यू’ १८७९ चा, ‘ग्रांटा’ १८८९ चा. याच काळात मुलींचे निकाल विद्यापीठाला हादरवत होते. १८८० मध्ये शार्लट स्कॉट गणितात आठव्या रँग्लरच्या, म्हणजे पहिल्या वर्गातल्या आठव्या क्रमांकाच्या, बरोबरीला आली. तिचे नाव यादीत घेणार नव्हते, म्हणून आठवे नाव वाचताना सभागृहातल्या मुलांनीच ‘स्कॉट ऑफ गर्टन’ असा गजर केला. १८८७ मध्ये अभिजात भाषांच्या परीक्षेत पहिल्या वर्गाच्या पहिल्या श्रेणीत एकटी ॲग्नाटा रॅम्झी झळकली. १८९० मध्ये न्यूनॅमच्या फिलिपा फॉसेटला गणितात सीनियर रँग्लरपेक्षाही, म्हणजे पहिल्या आलेल्या मुलापेक्षाही, अधिक गुण मिळाले. १८८० ला मुलीच्या नावाचा जयघोष करणारी आणि १८९७ ला तिचा पुतळा फाडणारी, ही दोन्ही मुले एकाच विद्यापीठातली. कौतुक एकेकट्या हुशार मुलीचे होते, भीती सगळ्याजणींच्या हक्काची होती. हा फरक त्या त्या वेळचे अंक ओळीने वाचल्याशिवाय नीट लक्षात येत नाही.

या शोधातला सर्वांत देखणा नमुना १९२८ च्या ऑक्टोबरमधला आहे. व्हर्जिनिया वूल्फ त्या महिन्यात न्यूनॅमला आणि पाठोपाठ गर्टनला ‘स्त्रिया आणि कथासाहित्य’ या विषयावर बोलल्या. वर्षभराने त्यातूनच ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक झाले. व्याख्यानांची मूळ संहिता मात्र उरली नाही. पुस्तकात बाईंनी बरेच काही कल्पनेने रचले, कॉलेजला खोटे नाव दिले. मग त्या रात्री त्या नेमके काय बोलल्या? याचा तेव्हाच लिहिलेला पुरावा सापडतो तो न्यूनॅमच्या ‘थर्साइटीझ’ या विद्यार्थिनींच्या नियतकालिकात. एलसी फेअर या विद्यार्थिनीने व्याख्यानाचा वृत्तांत लिहिला होता. पुढे विदुषी झालेल्या याच बाईंनी आठवणींत आणखी एक तपशील नोंदवला: पाहुण्या जवळपास तासभर उशिरा आल्या, न सांगता नवऱ्यालाही घेऊन आल्या, आणि ताटकळलेले जेवण आणखीच बिघडले. पुस्तकातले मुलींच्या कॉलेजचे बेचव जेवण जगप्रसिद्ध झाले. त्याची दुसरी बाजू यजमान मुलींनी लिहून ठेवली नसती तर कायमची हरवली असती.

त्याच शैक्षणिक वर्षात न्यूनॅममध्ये पुण्याची एक मुलगी गणिताच्या ट्रायपॉसची तयारी करत होती. शकुंतला परांजपे. वडील र. पु. परांजपे १८९९ मध्ये, जॉर्ज बर्टविसल यांच्यासह विभागून, सीनियर रँग्लर झाले होते आणि त्या विजयाचा आनंद महाराष्ट्राने सणासारखा साजरा केला होता. कोकणातल्या मुर्डीहून गेलेल्या वडिलांना विद्यापीठाने पदवी दिली. तीस वर्षांनी, १९२९ मध्ये, मुलगी तीच परीक्षा उत्तीर्ण झाली तेव्हा स्त्रियांसाठी केंब्रिजकडे होती ती फक्त नामधारी पदवी. ही सवलतही १९२१ मधली, आणि ती मिळाली त्या दिवशी मुलांनी हातगाडीची धडक देऊन न्यूनॅमची ब्राँझची फाटके मोडली होती. एकाच घरातल्या दोन पिढ्यांत विद्यापीठाने केलेला हा भेद मराठी वाचकाला माहीत असायलाच हवा. शकुंतलाबाई पुढे संततिनियमनाच्या प्रसारात उभ्या राहिल्या, ‘कुंकू’ चित्रपटात दिसल्या, राज्यसभेत गेल्या.

अर्थात विद्यार्थ्यांचे अंक म्हणजे आरसा नव्हे. कॉलेजचे नियतकालिक प्राध्यापिका वाचत, माजी विद्यार्थिनी वाचत; त्यामुळे राग, रडू, प्रेम यांना तिथे जागा कमी. नोकर बायकांच्या बाजूने लिहिलेले त्यात शोधू गेले तर निराशा होते. दुसरीकडे पुरुषांच्या अंकांत मुलगी असते ती बहुधा विनोदात, नाही तर नृत्याच्या वर्णनात. १९५६ च्या मे महिन्यात ‘व्हर्सिटी’ या विद्यार्थी वृत्तपत्राने न्यूनॅमच्या एका अमेरिकन विद्यार्थिनीला फॅशनच्या पानांसाठी पोहण्याच्या पोशाखात उभे केले. ती सिल्व्हिया प्लाथ. त्याच वर्षी फेब्रुवारीत, एका विद्यार्थी नियतकालिकाने तिच्या कवितांवर कडक टीका केल्यानंतर, ‘सेंट बोटॉल्फ्स रिव्ह्यू’ या दुसऱ्या विद्यार्थी नियतकालिकाच्या प्रकाशन-मेजवानीत तिची कवी टेड ह्यूजशी गाठ पडली होती. कवयित्री आणि छायाचित्रातली मुलगी, दोन्ही एकाच वर्षाच्या अंकांत. एकच अंक पाहून थांबणाऱ्याला अर्धीच बाई दिसेल.

पुढचे बदल भराभर झाले. १९६३ मध्ये केंब्रिज युनियन या वादसभेने स्त्रियांना सभासद करून घेतले, त्याच दशकात सूझी मेंकेस ‘व्हर्सिटी’ची पहिली स्त्री संपादक झाली, १९७२ मध्ये पुरुषांच्या तीन कॉलेजांनी मुलींना दार उघडले. शेवटचे मॉडलिन कॉलेज १९८८ मध्ये खुले झाले, तेव्हा तिथल्या काही मुलांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. १८९७ पासून तोवर एक्क्याण्णव वर्षे लोटली होती.

जुन्या अंकांतून मुली शोधण्याच्या या कामातली सगळ्यात चिवट अडचण नावांची आहे. ॲग्नाटा रॅम्झी निकालाच्या पुढच्याच वर्षी मिसेस बटलर झाली. एलसी फेअर पुढे डंकन-जोन्स या नावाने लिहू लागली. सरोजिनी नायडू गर्टनला होत्या तेव्हा त्या चट्टोपाध्याय होत्या. माहेरचे नाव माहीत नसेल तर अंकातली मुलगी आणि पुढची कर्तबगार बाई यांची गाठच पडत नाही. म्हणून अभ्यासक कॉलेजची प्रवेशनोंदवही, लग्नाच्या बातम्या आणि माजी विद्यार्थिनींची पत्रे अंकाशेजारी ठेवून एकेक नाव जुळवत जातात. हे काम महाराष्ट्रातही व्हायला हवे, आणि लवकर, कारण भित्तिपत्रके तर उरतच नाहीत आणि महाविद्यालयांची जुनी वार्षिके जागेअभावी रद्दीत जाऊ शकतात. परांजप्यांच्याच घरात शकुंतलेबरोबर वाढलेल्या, पुढे मानववंशशास्त्रात नाव कमावलेल्या इरावती कर्वे १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून पदवीधर झाल्या. त्या वर्षांच्या अंकांत त्यांना शोधायचे झाले, तर करमरकर या आडनावापासून सुरुवात करावी लागेल.