स्वतःच्या हातची वही : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात कौटुंबिक जमाखर्च व घरातील वस्तूंची नोंद

गोषवारा : काटकसर ही वृत्ती मानली जाते, परंतु नोंदीवाचून ती अंदाजावरच चालते. प्रस्तुत लेखात कौटुंबिक खर्चाची व दैनंदिन वापरातील वस्तूंची नोंद का आणि कशी ठेवावी याचे विवेचन केले आहे. शिरूर व दौंड या तालुक्यांच्या परिसरात १८७४-७५ मध्ये जे घडले, त्याचा आधार घेऊन 'हिशेबाची वही कोणाच्या हातात आहे' हा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा कसा आहे, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : जमाखर्च, रोजकीर्द, काटकसर, जडवस्तू संग्रह नोंदवही, ग्रामीण कर्ज.

प्रस्तावना

महाविद्यालयातील प्रत्येक विभागात जडवस्तू संग्रह नोंदवही असते. प्रयोगशाळेतील तराजू, कपाटे, टेबले, खुर्च्या यांची खरेदीची तारीख, नग, किंमत आणि निर्लेखन यांची नोंद तीत केली जाते. वर्षअखेर पडताळणी होते व विभागप्रमुख तीवर स्वाक्षरी करतात. त्याच विभागप्रमुखांना आपल्या घरी गेल्या महिन्यात किराणा मालावर किती खर्च झाला, स्वयंपाकघरातील मिक्सर कोणत्या वर्षी घेतला, असे विचारले तर उत्तर बहुधा अंदाजाने मिळेल. संस्थेच्या पैशाबाबत जी शिस्त आपण बंधनकारक मानतो, तीच स्वतःच्या पैशाबाबत ऐच्छिक मानतो. संस्थेच्या पैशाचा जाब कोणीतरी विचारणार असतो. घरच्या पैशाचा जाब विचारणारे कोणी नाही, असा यामागील समज असतो.

हा समज बरोबर नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आपण हिशेब ठेवला नाही, तरी तो ठेवला जातोच. फक्त तो दुसऱ्याच्या वहीत राहतो. दुकानदाराची उधारीची वही, बँकेचा खातेउतारा, कारखान्याचे देयक ही सर्व इतरांनी ठेवलेली नोंद आहे. अशा नोंदीवरच अवलंबून राहिल्याचे परिणाम काय होतात, याचा ज्ञात इतिहास आपल्याच परिसरात आहे.

१. दुसऱ्याच्या वहीचा इतिहास

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी ग्रामस्थांनी सावकारांवर सामाजिक व आर्थिक बहिष्कार टाकला. गावातील एका देशमुखाविरुद्ध सावकाराने मिळविलेला हुकूमनामा हे त्याचे तात्कालिक कारण होते. पुढे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे येथे सावकारांच्या घरांवर व दुकानांवर जमाव चालून गेला. सुपे आज बारामती तालुक्यात असले, तरी त्या काळी ते भीमथडी तालुक्यात होते आणि आजच्या दौंड तालुक्याचा बराच भाग त्याच भीमथडीत मोडत असे. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात ही घटना 'दख्खनचे दंगे' या नावाने ओळखली जाते.

चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालातून एक बाब ठळकपणे पुढे आली. जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या जीवितावर नव्हता. कर्जरोखे, हुकूमनामे आणि हिशेबाचे कागद हस्तगत करून नष्ट करणे हा त्याचा उद्देश होता. जेथे कागद मुकाट्याने स्वाधीन केले गेले, तेथे हिंसाचार फारसा झाला नाही. शेतकऱ्याचा सारा हिशेब दुसऱ्याच्या पेटीत होता, त्याची प्रत शेतकऱ्याकडे नव्हती आणि असती तरी बहुतेकांना ती वाचता आली नसती. म्हणूनच कागद जाळणे एवढाच उपाय त्याला दिसला.

कापसाच्या तेजीनंतरची मंदी, जमीन महसुलातील वाढ ही कारणे सर्वपरिचित आहेत. हिशेबाच्या दृष्टीने मात्र १८५९ चा मुदतीचा कायदा अधिक विचारात घ्यावा लागतो. साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत या कायद्याने तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता; परंतु सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. उदाहरणादाखल, १०० रुपये कर्ज आणि दरमहा दर शेकडा २ रुपये व्याज धरू. तीन वर्षांचे व्याज ७२ रुपये. नवा रोखा १७२ रुपयांचा. सहा वर्षांनी तो सुमारे २९६ रुपयांचा, तर नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपयांचा होतो. त्याच दराने सरळ व्याज धरल्यास नऊ वर्षांनी देणे ३१६ रुपये झाले असते. मधल्या काळात धान्याच्या रूपाने केलेली फेड नव्या रोख्यात उतरली नाही, तर ही तफावत आणखी वाढते. ती दाखवून देण्यास ऋणकोपाशी स्वतःची नोंद हवी, आणि नेमकी तीच नव्हती.

यावर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा करण्यात आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. रोख्यामागील मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. शिवाय शेतकऱ्यास दिलेल्या रकमेची पावती, वर्षाचा हिशेब आणि मागणी केल्यास पासबुकात नोंद करून घेण्याचा हक्क प्राप्त झाला. हिशेबाची एक प्रत ऋणकोच्या घरी असली पाहिजे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्येही सावकाराने हिशेब ठेवणे व त्याचे विवरण ऋणकोस देणे बंधनकारक आहे. मात्र समोरच्याने दिलेले विवरण पडताळून पाहण्यास आपल्याजवळ काही नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो.

२. उत्पन्नाची तीन चक्रे

मासिक वेतन घेणाऱ्या प्राध्यापकाला महिना हे हिशेबाचे स्वाभाविक एकक वाटते. शिरूर-दौंड परिसरातील सर्व कुटुंबांना ते लागू पडत नाही. रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील कामगार, दौंड येथील रेल्वे कर्मचारी किंवा राज्य राखीव पोलीस दलाचे जवान यांचे उत्पन्न दरमहा येते. दूध घालणाऱ्या कुटुंबाचे देयक बहुधा दर दहा दिवसांनी मिळते. ऊस उत्पादकाचे चक्र याहून मोठे असते. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तोडणीस येण्यास सुमारे दीड वर्ष लागते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत किंमत देणे अपेक्षित असले, तरी प्रत्यक्षात ती अनेकदा हप्त्यांनी हाती येते. बियाणे, खत, औषधे, मजुरी यांचा खर्च मात्र आधीच झालेला असतो व त्यातील बराचसा उधारीवर असतो.

एकाच घरात ही तिन्ही चक्रे एकत्र नांदताना दिसतात. थोरला मुलगा कंपनीत, धाकटा शेतीत, दुधाचा व्यवहार घरातील स्त्रीकडे. अशा घरात दुधाच्या पैशातून किराणा, पगारातून मुलांचे शुल्क आणि उसाच्या पैशातून जुनी उधारी फिटते. नोंद नसल्यास उसाची रक्कम हाती आली की ती सर्व 'उत्पन्न' वाटते. वस्तुतः तिचा मोठा भाग दीड वर्षापूर्वीच खर्च झालेला असतो. म्हणून शेतीचा हिशेब महिन्याचा न ठेवता पिकाचा ठेवावा आणि घरखर्चाचा हिशेब त्याहून वेगळा असावा.

३. खर्चाची नोंद

मराठी मुलखात हिशेबाची परंपरा जुनी आहे. रोजच्या व्यवहाराची नोंद ती रोजकीर्द, तिच्यातून खातेनिहाय काढलेली ती खतावणी आणि शेवटी ताळेबंद, ही पद्धत पेढ्यांतून व दप्तरांतून रूढ होती. घरासाठी एवढा विस्तार आवश्यक नाही. पुढील पथ्ये पुरेशी ठरतात.

(अ) नोंद त्याच दिवशी करावी. स्मरणाच्या मर्यादा शासकीय पाहणीनेही गृहीत धरल्या आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अलीकडील कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणांत भाजीपाला, फळे, खाद्यतेल यांसारख्या बाबींसाठी मागील ७ दिवसांचा, कपडे, शिक्षण व टिकाऊ वस्तूंसाठी ३६५ दिवसांचा आणि उर्वरित बाबींसाठी सामान्यतः ३० दिवसांचा खर्च विचारला जातो. वारंवार होणारी लहान खरेदी आठवड्यापलीकडे नीट आठवत नाही, असा याचा अर्थ.

(आ) खाती मोजकी असावीत. अन्नधान्य व किराणा, दूध-भाजी, शिक्षण, आरोग्य, प्रवास, सण-समारंभ, कर्जफेड आणि किरकोळ ही आठ खाती पुरतात. 'किरकोळ' खात्याची रक्कम वाढू लागली, तर नोंद ढिली पडत आहे असे समजावे. २०२३-२४ च्या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दरडोई उपभोग खर्चापैकी सुमारे ४७ टक्के, तर शहरी भागात सुमारे ४० टक्के खर्च अन्नावर होतो. आपले प्रमाण यापेक्षा बरेच वेगळे असेल, तर त्याचे कारण शोधावे.

(इ) उधारी घेतल्याच्या दिवशीच लिहावी, फेडल्याच्या दिवशी नव्हे. तसेच त्या वस्तूची रोखीची किंमतही शेजारी लिहावी. दोन किमतींतील फरक हे व्याजच असते. ते दुकानदाराच्या वहीत व्याज म्हणून लिहिलेले नसते, एवढेच.

(ई) भ्रमणध्वनीवरून होणारे देयक हा हिशेब नव्हे. २०१६ पासून यूपीआयमुळे रक्कम कोणाला व केव्हा दिली हे आपोआप नोंदले जाते; परंतु त्या रकमेचे काय घेतले, ते त्यात नसते. ३४० रुपये किराणा दुकानात गेले हे कळते. त्यांत डाळ किती आणि शीतपेये किती, हे कळत नाही.

जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार महिलेने १९०४ मध्ये गृहिणींसाठी छापील घरखर्च वही प्रसिद्ध केली आणि 'काकेइबो' या नावाने ती पद्धत तेथे रुजली. आपल्याकडे महिला बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज व परतफेड यांच्या जोडीला नियमित लेखे हे सूत्र आहे. गटाची लेखे ठेवणाऱ्या अनेक महिलांच्या स्वतःच्या घराची वही मात्र नसते. कौशल्य हाती असताना ते उंबरठ्याच्या आत वापरले जात नाही, ही विचार करण्याजोगी बाब आहे.

४. वस्तूंची नोंद

खर्चाच्या वहीत वस्तू एकदाच येते, खरेदीच्या दिवशी. त्यानंतर ती घरात वर्षानुवर्षे राहते, दुरुस्त होते, उसनी जाते, हरवते. या प्रवासाची नोंद ठेवण्याची रीतही आपल्याकडे होती. पितळी व पुढे स्टीलच्या भांड्यांवर नाव, तारीख व प्रसंग कोरून घेतला जाई. लग्नकार्यात भांडी आळीभर फिरत आणि नावामुळे आपापल्या घरी परत येत. ताटावर कोरलेले ते नाव म्हणजे एका अर्थी वस्तूवरच केलेली मालकीची नोंद होती. विवाहापूर्वी दोन्ही पक्षांच्या याद्या होत, त्यातही देण्याघेण्याचा तपशील लिहिला जाई.

आज वस्तू वाढल्या, नोंद मात्र राहिली नाही. घरासाठी जडवस्तू नोंदवहीचेच सोपे रूप वापरता येईल : वस्तूचे नाव, खरेदीचा दिनांक, किंमत, हमीची मुदत, दुरुस्ती खर्च, उसनी कोणास दिली व शेरा. याचा उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. विहिरीवरील मोटार १८,००० रुपयांस घेतली असे समजू. पाच वर्षांत ती तीनदा जळाली व प्रत्येक वेळी वाइंडिंगसाठी ४,००० रुपये लागले. प्रत्येक खर्च त्या त्या वेळी अपरिहार्यच वाटतो. नोंदवहीत मात्र १२,००० रुपये, म्हणजे मूळ किमतीच्या दोन तृतीयांश रक्कम, एका ओळीत दिसते. मग विजेचा दाब, स्टार्टर किंवा मोटारीची अश्वशक्ती यांपैकी दोष कशात आहे, हा प्रश्न विचारला जातो. नोंदीने दुरुस्तीचा खर्च थेट कमी होत नाही. तो विचार करण्याच्या टप्प्यात येतो.

दुसरा उपयोग खरेदीपूर्वीचा आहे. खुरपी, विळे, पाइपाचे तुकडे, वह्या, चादरी यांची यादी समोर असली, तर असलेली वस्तू पुन्हा घेतली जात नाही. वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वीच्या साफसफाईच्या वेळी, पडताळणी करावी. घर आवरलेलेच असते. यादी हातात घेऊन आवरले, तर वेगळा वेळ लागत नाही. ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही, तिच्यापुढे खूण करावी. ती गरजूस देणे हेही एक निर्लेखनच आहे.

५. मर्यादा व आक्षेप

नोंद ठेवल्याने अपुरे उत्पन्न पुरेसे होत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्याच्याकडे वाचविण्यासारखे काही नाही, त्याला वहीचा उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. १८७५ मधील शेतकऱ्याचे दारिद्र्य केवळ हिशेब न ठेवल्याने आलेले नव्हते. तथापि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबालाच चुकीच्या बेरजेचा फटका अधिक बसतो, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप असा की वहीमुळे घरात संशय वाढतो. वही एकाच व्यक्तीच्या हाती राहिली, तर तो खरा ठरतो. पुरुषाने लिहिलेल्या हिशेबात स्त्रीचे दुधाचे किंवा कोंबड्यांचे उत्पन्न 'घरखर्चात गेले' या दोन शब्दांत संपते. सावकाराच्या वहीबाबत जे तत्त्व कायद्याने मान्य केले, तेच घरातही लागू करावे लागेल : ज्यांचा पैसा, त्यांना वही पाहता व लिहिता आली पाहिजे.

निष्कर्ष

१. कर्डे व सुपे येथील घटनांमधून हिशेबाच्या एकतर्फी मालकीचे परिणाम दिसून येतात. १८७९ च्या कायद्यातील पावती व पासबुकाच्या तरतुदी हे त्यावरचे उत्तर होते.

२. या परिसरातील कुटुंबांचे उत्पन्न वेगवेगळ्या चक्रांत येत असल्याने घरखर्च महिन्याने आणि शेती पिकानुसार, अशी दुहेरी नोंद आवश्यक आहे.

३. खर्चाच्या नोंदीस वस्तूंच्या नोंदीची जोड दिल्याशिवाय काटकसरीचे खरे चित्र मिळत नाही.

४. वाणिज्य, अर्थशास्त्र व गृहविज्ञान विभागांनी विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी स्वतःच्या घराची वही ठेवण्याचा उपक्रम द्यावा. तपशील खाजगी राहावा. मूल्यमापन केवळ पद्धतीचे व्हावे.

असा उपक्रम देण्यापूर्वी आपण प्राध्यापकांनी एक महिना स्वतःची वही लिहून पाहणे उचित ठरेल. विभागाच्या नोंदवहीवर आपण वर्षानुवर्षे स्वाक्षरी करीत आलो आहोत; घरच्या वहीची पहिली ओळ लिहिण्यास त्याहून अधिक तयारी लागत नाही.