गाजर गवताची खाज आणि लँगरहान्सच्या पेशी

पावसाळा सरता सरता मोडनिंबच्या शिवारात बांधाबांधावर, महामार्गाच्या कडेला गाजर गवत पांढऱ्या फुलांनी माजतं. हे गवत इथलं नव्हे. पुण्यात ते १९५०च्या दशकात ठळकपणे नजरेस आलं आणि १९५६ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. परदेशी गव्हातून बी आलं, असं मानतात.

त्यापाठोपाठ खाज आली. पापण्या सुजायच्या, मान आणि कोपराची लवण लाल होऊन चिघळायची, पुढे कातडी जाड पडायची. बहुतेक रुग्ण उघड्यावर काम करणारे. १९६८ साली डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी पुण्यातल्या अशा खाजेचं खापर थेट गाजर गवतावर फोडलं. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीर त्या प्रथिनांना परकं समजू लागतं.

पण परकं ठरवतं कोण?

उत्तराचं एक टोक १८६८ सालच्या बर्लिनमध्ये आहे. पॉल लँगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला कातडीत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात, असं त्याला वाटलं. त्या प्रतिकारशक्तीच्या आहेत हे पक्कं व्हायला शंभरावर वर्षं गेली. १९८५ साली शूलर आणि स्टाइनमन या संशोधकांनी उंदराच्या कातडीतल्या या पेशी प्रयोगशाळेत बशीत वाढवल्या. दोन-तीन दिवसांत टी-पेशींना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींना, चेतवण्याची त्यांची ताकद कितीतरी वाढली.

खरी गंमत पुढच्या पाच-सहा वर्षांत उलगडली. ताज्या काढलेल्या पेशी अख्खं प्रथिन गिळून त्याचे तुकडे करण्यात तरबेज असतात. ते तुकडे पृष्ठभागावर धरून दाखवणारी एमएचसी-दोन प्रथिनंही त्या तेव्हा झपाट्याने घडवतात. बशीत दिवसभर राहिल्या की हे उत्पादन जवळपास थांबतं, नवं प्रथिन हाताळणं मंदावतं. आधी घडवलेली एमएचसी मात्र पृष्ठभागावर टिकून राहते. आधी पकडायचं, मग लसिकाग्रंथीत जाऊन तेच दाखवत राहायचं, अशी ही कामाची वाटणी आहे.

पार्थेनिनमुळे एकदा चेतलेल्या टी-पेशींची आठवण वर्षानुवर्षं टिकते. मात्र त्यांना जमून दाह उठवायला वेळ लागतो, म्हणून ही ॲलर्जी ओळखायच्या पट्टी-चाचणीत पाठीवर लावलेला अर्क ४८ तासांनी काढून तपासतात, पुढे पुन्हा पाहतात. ही आठवण पुसत नाही, म्हणूनच फुलं येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून गवत उपटायचं. ज्याला आधीच खाज सुटते, त्याने त्या बांधावर जाऊच नये.