भिंत बांधली, पण पाणी कुठे जाईल?

आजही मी चौमूंहूनच बोलतोय. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची चर्चा म्हणजे कुणाची बोअरवेल किती खोल गेली, एवढीच. मग इथे बसून मी पुराबद्दल का बोलतोय? कारण इथून तीसेक किलोमीटरवर जयपूर आहे आणि त्या कोरड्या शहरानेही जुलै १९८१ मध्ये भयंकर पूर पाहिला. ज्याला लोक अमानीशाह नाला म्हणायचे, त्या द्रव्यवती नदीचं सुमारे ४७ किलोमीटर पात्र गेल्या काही वर्षांत बांधून काढलं. काठाने पायवाटा आणि बागा केल्या. तिथे फिरताना मला नेहमी पुण्याची आठवण येते.

पुण्यात माझी मावशी राहते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती सात वर्षांची होती, घर नारायण पेठेत. वडिलांचा हात धरून ती पर्वतीकडे पळाली. परत आली तेव्हा घराच्या जागी चिखल होता. म्हणजे पुराची भीती तिला कुणी शिकवायला नको. तरीही २९ एप्रिल २०२३ ला नदीकाठची झाडं वाचवण्यासाठी पुण्यात चिपको मोर्चा निघाला, तेव्हा ही बाई गुडघे दुखत असताना संभाजी उद्यानापाशी जाऊन उभी राहिली. मी फोनवर म्हटलं, "मावशी, तुला तर भिंत हवी असायला पाहिजे." ती म्हणाली, "अरे, भिंत बांधतील. पण पाणी कुठे जाईल ते कुणी सांगेना."

आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे. तो जरा उलगडून पाहू.

पुण्याचा नदीकाठ सुधार प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा आहे. खर्चाचा अंदाज साडेचार हजार कोटींच्या वर. आराखडा अहमदाबादच्या साबरमती रिव्हरफ्रंटचं काम केलेल्या संस्थेचाच. महापालिकेचं म्हणणं असं, की पात्रातले अडथळे काढले, काठ बांधून घेतले, की पुराचा धोका कमी होईल आणि लोकांना नदीपर्यंत जाता येईल. हा मुद्दा खोटा ठरवून उडवून लावण्यासारखा नाही. राडारोडा टाकून, अतिक्रमण करून आपणच नदीचा गळा आवळलाय.

मग विरोध कशाला? इथे थोडं गणित आहे, सोपं आहे. नदीतून एका सेकंदात किती पाणी जाईल, हे तीन गोष्टींवर ठरतं: पात्राची रुंदी, पाण्याची खोली आणि वेग. वरून येणारं पाणी तेवढंच असेल आणि तुम्ही रुंदी कमी केली, तर एक तर पाणी उंच चढेल, नाहीतर जोरात धावेल. उंच चढलं तर वरच्या अंगाला फुगवटा. जोरात धावलं तर खालच्या गावांना धक्का. शिवाय शहरातले ओढे नदीलाच मिळतात. बंधाऱ्यामागे नदीची पातळी चढली, की ओढ्याचं पाणी मागे वस्तीत शिरतं. नदी काठ ओलांडत नाही, तरी घरात गुडघाभर पाणी!

पाटबंधारे खातं नदीला दोन पूररेषा आखतं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मधली जागा रिकामी दिसते, पण ती नदीचीच असते. वाळुंज, उंबर, करंज यांची मुळं तिथली माती धरून ठेवतात. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं, वर पाऊसही धो धो, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरं बुडाली. लष्कराला बोलवावं लागलं. नदीच्या जागेत आपण किती शिरलोय, हे त्या दिवशी दिसलं.

आता हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला बघा, म्हणजे दुसरी बाजूही कळेल. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या कडेला ईस्ट रिव्हर पार्क आहे, १९३९ पासूनचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात समुद्राचं पाणी या बागेवरून थेट वस्तीत शिरलं. रहिवाशांनी शहराबरोबर बसून एक आराखडा तयार केला: बागेच्या आतल्या कडेने मातीचा चढ करायचा, पूर आला तर बाग भिजेल, घरं वाचतील. २०१८ मध्ये शहराने तो बाजूला ठेवला आणि नवा आणला: अख्खी बाग आठ ते दहा फूट भर घालून उचलायची. त्यासाठी जवळपास एक हजार झाडं तोडायची. लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले, हरले. डिसेंबर २०२१ मध्ये करवती चालल्या.

पण त्याच वस्तीतल्या सरकारी चाळींत राहणारे कितीतरी लोक या कामाच्या बाजूने होते. सँडीत त्यांचे दिवे गेले होते, लिफ्ट बंद पडल्या होत्या. त्यांना झाड नको होतं असं नाही. पुढचं वादळ आधी येईल ही भीती होती. त्यांना शत्रू ठरवून कसं चालेल?

म्हणून मला वाटतं, खरा तंटा झाड विरुद्ध भिंत असा नाहीच. राग येतो तो लोकांना विचारून ठरलेलं बंद दाराआड बदललं जातं तेव्हा, आणि हिशेब समोर मांडला जात नाही तेव्हा.

तुमच्या गावात असं काम निघालं, तर लगेच बाजू घेऊ नका. तीन प्रश्न विचारा. पात्राची रुंदी आज किती आणि कामानंतर किती? ओढ्यांचं पाणी पुराच्या दिवशी कुठे जाईल? आणि आमच्याकडून अडवलेलं पाणी कुणाच्या दारात उभं राहील? उत्तरं आकड्यांत आणि लेखी मागा. ती पटली, तर भिंतीलाही हो म्हणा. नाही पटली, तर मावशीसारखं गुडघे दुखत असले तरी जाऊन उभे राहा.