पक्षी आणि कॅमेरा – ६ : वारा कुठून येतोय?

मागच्या लेखात बसलेल्या पक्ष्यावरचा प्रकाश कसा वाचायचा ते पाहिलं. आता उडता पक्षी. आधी थोडं गणित करू, कारण निम्मी निराशा त्यानेच कमी होते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरची लेन्स लावली, की वीस मीटरवरचा जेमतेम पावणेदोन मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत मावतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर नदी सुरय हा पक्षी सेकंदाला दहा मीटर वेगाने समोरून आडवा गेला, तर तेवढं अंतर कापायला त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा लागत नाही. पक्षी दिसल्यावर कॅमेरा उचलणाऱ्याच्या हाती मग रिकामं आकाशच लागणार.

यावर उपाय म्हणजे पॅनिंग. पक्षी लांब असतानाच त्याला चौकटीत घ्यायचं आणि कंबरेतून वळत त्याच्याच गतीने लेन्स फिरवत राहायची. पण पॅनिंगने फक्त धडाची गती जमेस धरली जाते; पंखांची टोकं वरखाली होतातच. म्हणून १/१००० सेकंदाच्या शटरला डोळा स्पष्ट येतो, पंख मात्र फिसकटतात. सुरयासाठी मी १/२५०० च्या खाली सहसा उतरत नाही. रोहिताला, म्हणजे फ्लेमिंगोला, १/१२५० पुरतं. शिवाय एफ ५.६ ला वीस मीटरवर स्पष्टतेची खोली पाऊण-एक मीटरच मिळते. रोहिताच्या पंखांचा पसारा दीड मीटरच्या आसपास, तेव्हा फोकस जवळच्या पंखावर बसला तर डोळा हातचा गेला म्हणून समजा.

प्रकाशमापन कॅमेऱ्यावर सोपवू नका, हे मी आग्रहाने सांगेन. पांढरा पक्षी काळसर पाण्यावरून उठतो आणि दोन क्षणांत उजळ आकाशासमोर येतो. त्याच्यावरचं ऊन तेच असतं, बदलते फक्त मागची बाजू. ऑटो मोड मात्र त्या मागच्या बाजूला फसतो : पाण्यावर पिसं जळून पांढरीफट्ट होतात, आकाशात तोच पक्षी काळा पडतो. उन्हातल्या पांढऱ्या पिसांवर एकदा माप घ्या आणि मॅन्युअलवर ठेवून द्या. ढग आला तरच हात लावा.

हे सगळं सरावाने जमतं. खरी मेख वाऱ्यात आहे. पक्षी शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतात आणि तसेच उतरतात, कारण समोरच्या वाऱ्यामुळे कमी धावेत पंखांना उचल मिळते. रोहितासारख्या जड पक्ष्याला तर पाण्यावर पावलं मारत धावावंच लागतं. म्हणजे वारा तुमच्या पाठीकडून येत असेल, तर थवा उठताना त्याची तोंडं तुमच्याकडे असतात. सकाळी वारा पूर्वेकडचा असला, की ऊनही पाठीशी मिळतं. संध्याकाळी त्याच वाऱ्यात चेहरा हवा की प्रकाश, यांतलं एक निवडावं लागतं. मी चेहरा निवडतो आणि सूर्यासमोरच्या पंखांच्या कडा उजळू देतो.

थवा उडणार हे आधी कळतं. चिखल गाळत बुडालेली डोकी एकेक करून वर येतात, माना ताठ होतात, सगळे एकाच दिशेला चालू लागतात. किनाऱ्यावर लांब उभं राहून हे पाहत असाल, तर कॅमेरा याच वेळी डोळ्याला लावा. पण तुमची नाव जवळ जाताना माना वर झाल्या असतील, तर ती भीती आहे. ‘जरा उठवा ना,’ ही फर्माईश भिगवणच्या नावाड्यांना हौशी मंडळींकडून ऐकावी लागते आणि तिची मला मनापासून चीड येते. रोहित इथे पोट भरायला येतात. उठवलं की त्यांचं खाणं तुटतं आणि ताकद फुकट जाते. फोटोही वाईट येतो : दचकलेला थवा नावेपासून दूर पळतो, त्यामुळे चौकटीत शेपट्या आणि लोंबते पायच येतात.

म्हणून नावेत पाय ठेवण्याआधीच बोलून घ्या. ‘दादा, थव्यापासून लांबच राहू. वारा पाठीशी येईल अशी नाव लावा, मशीन बंद करा, आणि त्यांनी माना वर केल्या तर मागे फिरू.’ इथले नावाडी बहुतेक मासेमारी करणारे. पाणी आणि वारा ते आपल्यापेक्षा चांगला जाणतात. घाई नाही म्हटल्यावर सुरय कुठल्या कडेने फेऱ्या मारतोय, कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत कुठे थांबतो, हेही ते दाखवतात. उड्डाणाचा सराव या दोघांवरच सुरू करावा : सुरय त्याच वाटेने पुन्हा येतो आणि खंड्या सूर मारण्याआधी फोकस बसवायला वेळ देतो.