छोटे विमान आणि इंधनाचा हिशेब

धाराशिव शहराजवळील धावपट्टीवर एखादे लहान विमान उतरू लागले की आसपासच्या शिवारातील कामे क्षणभर थांबतात. विमान कसे उडते, याची उत्सुकता सर्वांनाच असते. ते किती इंधन घेऊन निघाले, असे मात्र क्वचितच कोणी विचारतो. मोटारीतील पेट्रोल संपले तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानाला ती सोय नाही.

एक उदाहरण घेऊ. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे सेसना १५२ हे दोन आसनी विमान ताशी सुमारे १७५ किलोमीटर वेगाने जाते व तासाला साधारणतः २३ लिटर पेट्रोल जाळते. बारामती ते धाराशिव हे हवाई अंतर सुमारे १५५ किलोमीटर आहे. म्हणजे वारा नसेल तर जाऊन-येऊन १०६ मिनिटे. पावसाळ्यात मात्र पश्चिमेचा वारा असतो. तो ताशी ३५ किलोमीटर धरला, तर येताना ९ मिनिटे वाचतात, पण परतताना १३ मिनिटे जास्त लागतात. वाऱ्याचे देणे-घेणे सारखे नसते, हे नवशिक्याच्या ध्यानी सहसा येत नाही. या १११ मिनिटांना ४३ लिटर, इंजिन सुरू करून वर चढण्यास सुमारे ५ लिटर आणि राखीव साठा १२ लिटर, असे ६० लिटर तरी हवेत. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार, जमीन दृष्टीस ठेवून करावयाच्या उड्डाणात दिवसा किमान ३० मिनिटांचे व रात्री ४५ मिनिटांचे इंधन राखीव असावे लागते. ढगांमुळे लातूर वा सोलापूरकडे वळावे लागले तर त्याचा हिशेब निराळा.

मग टाकी नेहमी काठोकाठ का भरू नये? पेट्रोललाही वजन असते. या विमानातील वापरण्याजोगे ९३ लिटर म्हणजे सुमारे ६७ किलो, एका माणसाचा भार. चार आसनी विमानात चार प्रौढ आणि भरलेली टाकी ही दोन्ही पुष्कळदा एकत्र बसत नाहीत. त्यातच धाराशिवचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच. उन्हाळ्यात तेथील हवा अधिक विरळ होते व उड्डाणासाठी लांब धाव घ्यावी लागते.

हिशेबातील चूक मोठ्या विमानालाही सोडत नाही. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका प्रवासी जेट विमानात किलोऐवजी पौंडांच्या मापाने इंधन भरले गेले आणि दोन्ही इंजिने आकाशातच बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले. प्राणहानी झाली नाही. त्या विमानाचे इंधनदर्शक काटे बंद होते. लहान विमानात काटे चालू असले तरी टाकीत मापपट्टी बुडवून पाहण्याची शिस्त याचसाठी आहे. पावसाळ्यात टाकीत पाणी उतरते. ते जड असल्याने तळाशी बसते. म्हणून उड्डाणापूर्वी तळातून थोडे इंधन काढून तपासतात.

विमान शेतात उतरले तर गावकऱ्यांनी काय करावे, हे ग्रामसभेत एकदा सांगून ठेवणे इष्ट. ११२ क्रमांकावर कळवावे. विडी-काडी पेटवू नये, ट्रॅक्टर वा मोटारसायकल जवळ नेऊ नये. सांडलेल्या पेट्रोलची वाफ चटकन पेट घेते. थांबलेल्या पंख्यालाही हात लावू नये. आग वा जखमींचा प्रश्न नसेल तर कोणताही भाग हलवू नये, कारण टाकीत किती इंधन उरले होते याची चौकशीत बारकाईने नोंद घेतली जाते.