जुने घर, जुना हीट पंप

अमेरिकेत स्थायिक झालेली मुले जुने घर घेताना भिंती, छप्पर पाहतात. अंगणातील हीट पंप मात्र नजरेतून सुटतो. हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या या यंत्राचे आयुष्य साधारणतः १५ वर्षांचे. त्यावरील पट्टीवर शीतक वायूचे नाव असते. तो ‘आर-२२’ असल्यास सावध व्हावे. २०२० पासून तेथे त्याचे उत्पादन व आयात बंद असल्याने गळतीनंतरचे पुनर्भरण महाग पडते. घर उबदार आहे म्हणून पंप ठीक समजू नये. ती ऊब पूरक विद्युत हीटरचीही असू शकते. यास्तव विक्रेत्याकडे मागील हिवाळ्याची वीजबिले मागावीत. व्यापारी घसारा वजा करूनच जुन्या मालाचा भाव ठरवतो; घराच्या सौद्यातही तोच नियम पाळावा. सही झाल्यावर नव्या यंत्राचा खर्च खरेदीदाराच्याच खाती पडतो.