सार्डिन कोणाला म्हणावे?

माझ्या आईचे माहेर वेंगुर्ल्याचे. बेळगावच्या बाजारात घाटाखालची मासळी आली की ती टोपलीवर वाकून आधी विचारते, "तारली काय पेडवे गो?" विकणारीने पेडव्यांना तारली म्हटले तर तिची धडगत नसते! दिसायला दोन्ही सख्खी भावंडे, पण आईची नजर चुकत नाही. मात्र डोके-शेपूट काढून तेलात बुडवलेला, पत्र्याच्या डब्यात बंद केलेला मासा कोणता, हे तिने तरी कसे ओळखावे? तिथे लेबल हाच एकमेव साक्षीदार. म्हणून सरकार मध्ये पडते.

आपल्याकडे अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५२ नुसार खोट्या लेबलाच्या अन्नपदार्थाबद्दल ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जे आत आहे ते बाहेर लिहा, इतकी साधी ही गोष्ट आहे, असे मला वाटत असे. सार्डिनचा तंटा वाचला आणि मी गोंधळलो.

युरोपीय समुदायाने १९८९ साली नियम केला की डब्यावर 'सार्डिन' लिहायचे असेल तर आत 'सार्डिना पिल्चार्डस' हीच जात हवी. हा मासा युरोपच्या किनाऱ्यांजवळ, भूमध्य समुद्रात सापडतो. पेरूच्या किनाऱ्यावरचा 'सार्डिनॉप्स सॅगॅक्स' हा त्याचा चुलतभाऊ. 'पॅसिफिक सार्डिन' असे स्पष्ट लिहिले तरी तो नियमात बसेना. पेरू म्हणे, यात खोटे काय? युरोपचे म्हणणे, आमच्या गिऱ्हाइकाच्या मनात सार्डिन म्हणजे एकच मासा. दुसरा दिला की ती फसवणूक.

पेरूने २००१ साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. त्याच्या हाती कोडेक्स आयोगाचे मानक होते. त्यात तेव्हा २१ जाती होत्या. नुसते 'सार्डिन' हे नाव युरोपच्या माशाला राखून ठेवलेले. बाकीच्या २० जातींनी देशाचे, प्रदेशाचे, जातीचे किंवा प्रचलित नाव पुढे जोडून 'सार्डिन' म्हणवून घ्यावे. या वीसांत आपली तारलीही आहे! (आमच्या वर्गातला मंगळुरूचा मित्र तिलाच भूताई म्हणतो.) म्हणजे युरोपच्या नियमाने तारलीलाही दार बंदच होते.

गंमत अशी की ज्या गिऱ्हाइकांच्या नावाने हा नियम चालवला, त्यांच्यापैकी ब्रिटनच्या ग्राहक संघटनेने पत्र दिले ते पेरूच्या बाजूने. सप्टेंबर २००२ मध्ये अपील मंडळाने पेरूला न्याय दिला. आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध असताना ते कुचकामी किंवा गैरलागू असल्याखेरीज देशांनी आपले नियम त्यावरच बेतावेत, असा करार आहे. आणि नावापुढे 'पेरूचे' लिहिल्यावर गिऱ्हाईक फसत नाही, हे पेरूने दाखवून दिले होते.

मला यात युरोपच्या कोळ्यांचा आणि कारखानदारांचा धंदा दिसतो. १९१५ सालीही लंडनमध्ये नॉर्वेच्या 'ब्रिसलिंग' माशाला सार्डिन म्हणणे खोटे वर्णन ठरले होते, तेव्हा फिर्याद घेऊन उभा होता फ्रेंच सार्डिनचा व्यापार, गिऱ्हाईक नव्हे. अर्थात प्रतिस्पर्ध्याने फिर्याद केली म्हणून ती खोटी ठरत नाही, हे आमच्या सरांचे म्हणणे मला खोडता आलेले नाही.

२००३ साली युरोपने नियम बदलला. 'सार्डिन' या शब्दाला माशाचे शास्त्रीय नाव जोडले की माल विकता येतो. त्या हिशेबाने तारलीच्या डब्यावर 'सार्डिन – सार्डिनेला लाँगिसेप्स' असे येईल. आईला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "आणि ह्यात तारली खंय लिवलां?"